कॅमेरा मागे पडला, पण नेमका कोणता?

क्षितिजरेषा (धागाकर्ती)

स्मार्टफोनने कॅमेऱ्याचा बाजार उठवला, हे विधान आता कुणालाच नवे वाटत नाही आणि ढोबळमानाने ते खरेही आहे. मात्र या घसरणीत कोणता कॅमेरा गेला, कोणता तगला आणि गेलेल्या कॅमेऱ्याबरोबर आणखी काय गेले, याची चर्चा क्वचितच होते. ती व्हावी म्हणून हा धागा काढते आहे.

आधी आकडे पाहू. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कारखान्यांतून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले. २०२० साली हा आकडा एक कोटीच्याही खाली आला होता. म्हणजे दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक बाजार नाहीसा झाला. पण ही घट सगळीकडे सारखी नाही. लेन्स बदलता येणारे कॅमेरे २०१२ मध्ये दोन कोटींच्या आसपास होते, ते २०२० मध्ये पन्नास लाखांच्या घरात आले. साधारण चौथा हिस्सा तरी उरला. ज्यांची लेन्स कायमची जोडलेली असते, त्या खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या मात्र दहा कोटींहून अधिक होती, ती चाळीस लाखांच्या आत आली. कॅमेरा संपला असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात संपलेला असतो तो हा छोटा कॅमेरा.

या छोट्या कॅमेऱ्याबद्दल कुणी फारशी हळहळ व्यक्त करत नाही, कारण त्यातून निघणारी चित्रे आजच्या फोनपुढे सामान्यच वाटतात. माझे म्हणणे असे आहे की त्याचे खरे मोल चित्राच्या दर्जात नव्हते. घरात सर्वांनी वापरायचा कॅमेरा आणि एखाद्याने मनापासून शिकायचा कॅमेरा यांच्यामधली ती पायरी होती. त्यातल्या जरा बऱ्या कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एक गोल चकती असे. तिच्यावर 'ऑटो'च्या शेजारी ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याची वाट किती रुंद) आपण ठरवायचे, शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आपण ठरवायचा किंवा दोन्ही आपणच ठरवायचे, अशा खुणा असत. वर्षानुवर्षे 'ऑटो'वर राहिलेली ती चकती एखादे दिवशी घरातल्या कुणीतरी कुतूहलाने फिरवायची आणि तिथून पुढचा प्रवास सुरू व्हायचा.

शटरच्या बटणाचेच उदाहरण घ्या. ते अर्धे दाबले की बोटाला किंचित अडथळा जाणवे, पडद्यावरची चौकट हिरवी होई, एक बारीक आवाज येई आणि कॅमेऱ्याने कशावर फोकस केला आहे ते कळे. बोट तसेच अर्ध्यावर धरून चौकट थोडी डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायची आणि मग बटण पूर्ण दाबायचे. या एका हालचालीत फोकस वेगळा, चौकटीची मांडणी वेगळी आणि क्षण वेगळा, या तीन गोष्टी बोटालाच समजत असत, आणि त्यासाठी कुणाला पुस्तक उघडावे लागत नसे.

फोनमध्ये हे निर्णय आपल्यासमोर येतच नाहीत. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर कायमचे ठरलेले असते. शटरचा वेग, संवेदनशीलता आणि रंगांचा तोल आतली प्रणाली ठरवते. परिणामी एखादी व्यक्ती हजारो छायाचित्रे काढूनही, अधिक प्रकाश हवा असेल तर त्याच्या बदल्यात काहीतरी सोडावे लागते, या मूळ व्यवहाराला कधी सामोरी जात नाही. मधली पायरी गेल्यामुळे एका टोकाला सर्वांचा फोन आणि दुसऱ्या टोकाला जाणकारांचा महागडा, वजनदार कॅमेरा, अशी विभागणी झाली आहे. ही मोठी हानी आहे असे मला वाटते. जाणकारांनी आपापले मत जरूर मांडावे.

गणकयंत्र

चांगला विषय आहे. मी प्रतिमाप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून घसरणीच्या कारणांविषयी थोडे लिहितो.

फोनची चित्रे सरस झाली म्हणून लोकांनी छोटा कॅमेरा सोडला, असा समज आहे. कालक्रम पाहिला तर तो टिकत नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा होता, त्याचा फोकस बदलत नसे आणि त्याला फ्लॅशही नव्हता. छोट्या कॅमेऱ्यांची घसरण २०१० नंतर लगेच सुरू झाली आणि त्या काळातले फोन संधिप्रकाशात किंवा घरातल्या दिव्याखाली साध्या कॅमेऱ्यापुढेही फिके पडत. लोकांनी दर्जा कमी असतानाच फोन पत्करला, कारण चित्र काढले त्याच क्षणी ते दुसऱ्याला पाठवता येत होते. या वाटेची चाहूल जपानमध्ये २००० सालीच लागली होती. शार्पने बनवलेल्या जे-एसएच०४ या फोनचा कॅमेरा जेमतेम ०.११ मेगापिक्सेलचा होता, पण काढलेले चित्र त्याच फोनवरून पाठवता येत असे. छोट्या कॅमेऱ्यातले चित्र दुसऱ्याला पाठवण्यासाठी मात्र कार्ड काढा, संगणकाला जोडा, प्रती करा, हे सोपस्कार शेवटपर्यंत राहिले. कॅमेरा कंपन्यांनी वायफाय दिले तेही इतके किचकट की ते एकदा वापरून लोक पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

दर्जाची बाजी फोनने नंतर मारली, आणि ती प्रकाशशास्त्राच्या मर्यादा ओलांडून नव्हे तर त्या मान्य करून. फोनच्या मुख्य लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) साधारण सहा-सात मिलिमीटर असते. ॲपर्चर एफ/१.८, म्हणजे नाभीय अंतर भागिले १.८, धरले तर प्रकाश आत येण्याची वाट जेमतेम साडेतीन मिलिमीटर व्यासाची उरते. ५० मिलिमीटरच्या साध्या एफ/१.८ लेन्समध्ये हीच वाट सुमारे २८ मिलिमीटर असते, म्हणजे व्यासाने आठपट आणि क्षेत्रफळाने चौसष्टपट. हे अंतर एका चित्रात भरून निघणे अशक्य आहे. म्हणून फोन एका चित्रावर थांबत नाही. कॅमेरा उघडताच तो सतत चौकटी, म्हणजे लागोपाठची चित्रे, टिपून स्मृतीत ठेवत असतो. बटण दाबल्यावर त्यांतल्या अनेक चौकटी निवडून, हाताच्या थरथरीमुळे झालेला फरक जुळवून, त्या एकमेकींत मिसळतो. नऊ चौकटींची सरासरी घेतली तर चित्रातला यादृच्छिक रवाळपणा (नॉइज) साधारण एक तृतीयांशावर येते. गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये आणलेली 'नाइट साइट' ही सोय याच तत्त्वावर बेतलेली आहे, आणि तिपायीशिवाय अंधारातही चित्रे काढता येतात, हे तिने अनेकांना दाखवले.

धागाकर्तीने उल्लेखलेल्या छोट्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचा सेन्सर (आतला प्रकाश टिपणारा भाग) सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा होता. आज चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आता केवळ गणनेतच नाही, तर सेन्सरच्या आकारातही फोन त्या कॅमेऱ्याच्या पुढे आहे. झूम सोडले तर त्या कॅमेऱ्याकडे काहीच उरले नाही, त्यामुळे त्याचे जाणे मला अटळ वाटते.

सहजचित्र

क्षितिजरेषा, तुमचा लेख मनापासून लिहिलेला आहे, तरीही त्याच्या गाभ्याशी मी असहमत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ती चकती सर्व छोट्या कॅमेऱ्यांवर नव्हती. सर्वाधिक खपणाऱ्या, स्वस्त आणि चपट्या कॅमेऱ्यांमध्ये 'ऑटो' आणि दहा-बारा देखाव्यांची चित्रे यांपलीकडे काही नसे. त्यांत ॲपर्चर कुणाला हाती लागत नव्हते. चकती असलेल्या कॅमेऱ्यांतही ती फिरवणारे थोडेच होते. त्या थोड्यांना पुढे वाट सापडली म्हणून सर्वांसाठी ती पायरी होती असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ॲपर्चर आणि शटर समजणे म्हणजे छायाचित्रण समजणे, हे गृहीतक मला मान्य नाही. प्रकाश कोणत्या बाजूने येतो आहे, चेहऱ्यावर सावली कुठे पडते, चौकटीच्या कडेला काय कापले जाते, समोरच्या माणसाच्या किती जवळ जायचे आणि कधी थांबायचे, या गोष्टी यंत्राच्या कळींवर अवलंबून नसतात. त्या फोनवरही शिकता येतात आणि लोक त्या शिकत आहेत. माझ्या परिचयातल्या काही तरुण मुलामुलींची चित्रे पाहिली तर खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाची जी जाण त्यांना आहे, ती आमच्या पिढीतल्या महागड्या कॅमेरेवाल्यांनाही नव्हती.

शिवाय कॅमेरा ज्यांच्या घरात कधीच आला नसता अशा असंख्य लोकांच्या हाती फोनमुळे चित्र काढण्याचे साधन आले. त्यांच्या आयुष्याची नोंद आता दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर राहिलेली नाही. मधल्या पायरीबद्दल हळहळताना, त्या जिन्याशी कधी पोहोचूच न शकलेल्या या लोकांना विसरू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

क्षितिजरेषा

गणकयंत्र, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभारी आहे. छोटा कॅमेरा वस्तू म्हणून जाणे अटळ होते, हे मी मान्य करते. पण तो ज्या गरजेला पुरा पडत होता ती गरज अटळपणे संपली, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सहजचित्र, फोनमुळे साधन सर्वांपर्यंत पोहोचले, याविषयी माझे दुमत नाही आणि त्याचा मला आनंदच आहे. प्रकाशाची दिशा आणि चौकटीची मांडणी फोनवर शिकता येते, हेही खरे. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. संध्याकाळी खिडकीजवळ बसलेल्या माणसाचे चित्र फोनने काढताना, चेहरा अंधारात ठेवून फक्त कडेची उजळ रेषा दाखवायची इच्छा असेल, तर फोन ती सावली आपणहून उजळतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करता येतो, पण मग तो आकाश आणि भिंत यांचा तोल स्वतःच पुन्हा ठरवतो. चित्र चांगले दिसते, पण ते आपल्या मनातले नसते. आपल्याला नेमके काय हवे होते आणि यंत्राने काय दिले, यांतला फरकच दिसेनासा होतो. तो फरक दिसणे, त्याने अस्वस्थ होणे आणि तो मिटवण्यासाठी धडपडणे, यालाच मी शिकणे म्हणते. साध्या कॅमेऱ्यात तो फरक ढळढळीत दिसत असे, कारण तो कॅमेरा आपल्या चुका झाकत नव्हता.

टिटवी

मी पक्ष्यांची छायाचित्रे काढते, त्यामुळे माझा अनुभव थोडा बाजूचा आहे. पण मधल्या पायरीच्या मुद्द्याला तो थेट भिडतो.

पक्ष्याच्या बाबतीत फोनची युक्ती चालत नाही. अनेक चौकटी मिसळायच्या तर त्यांतली वस्तू जवळपास स्थिर हवी. उडणाऱ्या पक्ष्याचा पंख दोन चौकटींच्या मध्ये कुठल्या कुठे गेलेला असतो. तिथे सेकंदाचा दोन हजारावा भाग इतका वेगवान शटर आणि त्या अल्पशा वेळात पुरेसा प्रकाश आत घेणारी रुंद काच, याला पर्याय नाही. ४०० मिलिमीटरच्या एफ/५.६ लेन्समध्ये ही वाट ७१ मिलिमीटर रुंदीची असते. आठ मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये एवढी काच बसवणार कुठे? आरसा किंवा लोलक वापरून प्रकाश वळवणाऱ्या आडव्या लेन्सने काही पल्ला वाढला आहे. पण त्यापुढचे झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे आणि उणीव सॉफ्टवेअरने भरणे.

ही भरपाई आमच्या कामात घातक ठरते. पर्णवटवट्यांसारखे लहान, हिरवट-तपकिरी पक्षी ओळखताना डोळ्यावरची फिकट भुवई किती लांब आहे, पंखावर एक पट्टा आहे की दोन, पायांचा रंग कोणता, यावर सगळी भिस्त असते. फोनने दूरवरून टिपलेल्या चित्रात पिसे एकमेकांत मिसळून रंगाच्या फटकाऱ्यांसारखी दिसतात, आणि पंखावरचा तो पट्टा खरोखर होता की जवळच्या फांदीवरच्या उजेडातून तयार झाला, हे ठामपणे सांगता येत नाही. नोंदीसाठी अशा चित्रापेक्षा खरोखरीचे धूसर चित्र मला अधिक उपयोगी वाटते.

मोठी लेन्स घेणे सर्वांना परवडत नाही. अशा लोकांसाठी जोडलेल्या लेन्सचे, दूरवर पोहोचणारे कॅमेरे होते, ज्यांना ब्रिज कॅमेरे म्हणत. निकॉनचा २०१८ चा पी-१००० हा त्यांतला सर्वांत टोकाचा. त्याचा सेन्सर फोनहून लहान असला तरी त्याची लेन्स ३००० मिलिमीटरइतका पल्ला देते. हौशी पक्षीनिरीक्षकांपैकी कितीतरी जणांची सुरुवात अशाच कॅमेऱ्याने झाली आहे. निकॉनने २०२५ मध्ये पी-११०० आणून ही मालिका पुढे नेली खरी, पण एकेकाळी प्रत्येक कंपनीकडे असे दोन-तीन पर्याय असत, ते आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ज्या कामात फोन मुळीच पर्याय ठरत नाही, त्या कामाचे साधनही खप आटल्यामुळे दुर्मीळ झाले, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते आहे.

पहाटवेळ

टिटवी यांचा प्रतिसाद फार आवडला. मी चंद्राची आणि ग्रहांची चित्रे काढतो. भरपाईच्या बाबतीत आमचाही अनुभव असाच आहे.

वार्ताचित्र

वृत्तपत्रांसाठी अनेक वर्षे छायाचित्रण केले आहे, म्हणून विश्वासार्हतेच्या बाजूने लिहितो.

व्यवसायाच्या दृष्टीने मोठा हादरा २०१३ मध्ये बसला. शिकागो सन-टाइम्स या वृत्तपत्राने त्या वर्षी आपल्या पूर्णवेळ छायाचित्रकारांचा सगळा, २८ जणांचा, विभाग एकाच दिवशी बंद केला आणि बातमीदारांनी आयफोनने चित्रे काढावीत असे ठरवले. तिथे यंत्र बदलले एवढेच घडले नाही. घटनास्थळी कुठे उभे राहायचे, कशाची वाट पाहायची, कोणत्या चित्रामुळे कुणाची विटंबना होईल, याचा विचार करणारी माणसेच त्या दालनातून गेली. बातमीदार प्रश्न विचारत असताना त्याच वेळी ही जबाबदारीही पेलू शकेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता दुसरा प्रश्न उभा राहिला आहे. गणकयंत्र यांनी सांगितलेली मिसळण्याची क्रिया मर्यादेत असते तोवर मला तिच्यावर आक्षेप नाही, कारण त्या सगळ्या चौकटी तिथेच, त्याच दोन क्षणांत टिपलेल्या असतात. पण २०२३ मध्ये एका कंपनीच्या फोनवरून मोठा वाद झाला. संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र लावून त्याचे फोनने चित्र काढले, तर फोनने त्यात मुळात नसलेले तपशील उमटवले. चंद्राच्या बाबतीत हे निरुपद्रवी वाटेल. पण जमावातल्या एखाद्याच्या हातात काय होते, हा प्रश्न असेल तेव्हा उणीव भरून काढणारे यंत्र मला नको आहे.

याच कारणाने चित्राचा उगम नोंदवण्याची एक पद्धत आकाराला येते आहे. ती ठरवणारी सी२पीए ही संघटना २०२१ मध्ये स्थापन झाली, आणि लायकाचा २०२३ चा एम११-पी हा चित्र टिपतानाच त्यावर डिजिटल स्वाक्षरी करणारा पहिला कॅमेरा ठरला. इतर कॅमेरा कंपन्याही त्या दिशेने गेल्या आहेत आणि काही फोनही. वेगळ्या कॅमेऱ्याला यापुढे काही खास स्थान असेल तर ते इथे असेल, असे माझे मत आहे. चित्राचा दर्जा फोन गाठेल. पण एका क्षणी, एका काचेतून, एकदाच आलेला प्रकाश कच्च्या स्वरूपात जपून ठेवणे आणि त्याची साक्ष देता येणे, हे काम वेगळे आहे.

गणकयंत्र

वार्ताचित्र, तुमच्या मुद्द्याला एक तांत्रिक जोड देतो. फोनमध्येही कच्ची (रॉ) फाइल, म्हणजे सेन्सरवरची मूळ नोंद, मिळवता येते. आयफोनमध्ये २०१६ पासून इतर ॲप्सना ती मुभा आहे. मात्र कोणती फाइल खरोखर एकाच चौकटीची आहे आणि कोणती आधीच अनेक चौकटी मिसळून बनवलेली आहे, हे वापरणाऱ्याला सहज कळत नाही. ॲपलच्या २०२० च्या प्रोरॉ या प्रकारात मिसळण्याची क्रिया आधीच होऊन गेलेली असते. फाइलच्या नावावरून ती कच्ची वाटते, पण सेन्सरवर पडलेला प्रकाश जसाच्या तसा तिच्यात नसतो. निर्मात्यांनी हे स्पष्टपणे फाइलमध्ये नोंदवावे, अशी अपेक्षा ठेवणे मुळीच गैर नाही.

जुनी काच

मी कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळे कंपन्यांच्या येण्याजाण्याचा परिणाम माझ्या टेबलावर रोज दिसतो.

कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसाय सोडला आणि त्यांची एसएलआर प्रणाली (आतल्या आरशाने लेन्समधले दृश्य दाखवणारे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) सोनीकडे गेली. कॅसिओने २०१८ मध्ये छोटे कॅमेरे बनवणे थांबवले. १९३६ पासून कॅमेरे बनवणाऱ्या ऑलिंपसने २०२० मध्ये आपला हा विभाग विकायचे जाहीर केले आणि २०२१ पासून तो वेगळ्या नावाने चालू आहे. दरवेळी नवीन कॅमेरे येणे तर थांबतेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे सुटे भाग मिळेनासे होतात.

छोट्या कॅमेऱ्याची रचनाच नाजूक होती. कॅमेरा चालू केला की एकात एक बसलेल्या नळ्या सरकत लेन्स बाहेर येते. त्यांच्या फटीत वाळूचा एक कण गेला तरी दातेरी चाक अडखळते आणि पडद्यावर लेन्समध्ये बिघाड असल्याची सूचना येते. उघडून पाहिले तर आत कागदासारखी पातळ, तपकिरी पट्टी असते, जिच्यातून शटर आणि फोकस यांना वीज पोहोचते. हजारो वेळा दुमडून-उलगडून तिच्यावरची एखादी रेष तुटते. पट्टी नवी मिळाली तर कॅमेरा पुन्हा चालतो. ती मिळणे बंद झाले की तोच कॅमेरा निकामी. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचे तसे नाही. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स बसवण्याची जोडणी) लेन्स आजही उपयोगात आणता येते. त्या प्रणालीत माउंटपासून सेन्सरचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. आरसा काढून टाकल्यामुळे नव्या झेड प्रणालीत ते १६ मिलिमीटरवर आले. मधल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि साठ वर्षांपूर्वीची काच आजच्या सेन्सरवर चित्र उमटवते. ही तग धरण्याची क्षमता फोनमध्ये नाही. तिथे बॅटरी आणि सॉफ्टवेअर संपले की चांगला कॅमेराही त्याच्याबरोबर जातो.

कोडॅकविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण तो दाखला अशा चर्चेत हमखास दिला जातो. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. कोडॅकने हा शोध दडपला म्हणून २०१२ मध्ये दिवाळखोरी आली, ही मांडणी मला अपुरी वाटते. कंपनीने पुढे डिजिटल कॅमेरे बनवले आणि भरपूर विकलेही. पण तिची सारी मिळकत फिल्म, कागद आणि रसायने यांच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या विक्रीवर उभी होती आणि डिजिटल कॅमेऱ्यात तसे पुन्हा विकण्यासारखे काहीच नव्हते. त्यातच कोडॅकने ज्या छोट्या कॅमेऱ्यांवर भर दिला, तेच पुढे फोनने गिळले.

सहजचित्र

जुनी काच, पट्टीचा तपशील वाचून आमच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्याचे कोडे उलगडले. आभार.

एक वेगळी गोष्ट इथे नोंदवाविशी वाटते. गेल्या काही वर्षांत अगदी तरुण मंडळी २००५-१० च्या सुमाराचे जुने छोटे कॅमेरे शोधून वापरू लागली आहेत. फुजीफिल्मच्या एक्स१००व्ही या जोडलेल्या लेन्सच्या कॅमेऱ्याला इतकी मागणी आली की तो मिळेनासा झाला, आणि २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीसाठीही लोकांना बराच काळ थांबावे लागले. पेंटॅक्सने तर २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा आणला. मला हे आधी निव्वळ फॅशन वाटत होते. क्षितिजरेषा यांचा दुसरा प्रतिसाद वाचल्यावर वाटते की फोनने सगळे नीटनेटके करून देणे या मुलांनाही कुठेतरी खुपत असावे. तरीही पायरीबद्दलचे माझे मूळ मत कायम आहे.

क्षितिजरेषा

मत कायम ठेवूनही हे नोंदवल्याबद्दल आभार. या मुलांकडे उत्तम फोन असतो, तरीही ती कमी क्षमतेचे यंत्र निवडतात, त्या अर्थी त्यांना चित्राच्या दर्जापेक्षा वेगळे काही हवे आहे. ज्या यंत्रात संदेश येत नाहीत, जे फक्त पाहण्यासाठी हातात घेतले जाते, ते घेऊन चालताना नजर वेगळी होते, हा माझाही अनुभव आहे. कॅमेरा कंपन्यांनी मात्र या मागणीला महागड्या वस्तूंनीच उत्तर दिले आहे. चकती असलेला, दुरुस्त करता येणारा, फोनशी विनासायास जोडला जाणारा साधा कॅमेरा कुणीच बनवत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

नवखा

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझ्याकडे आजवर फक्त फोन आहे. चर्चेत म्हटलेला तो फरक स्वतः अनुभवायचा असेल तर सुरुवात कशी करावी? नवा कॅमेरा माझ्या आवाक्याबाहेर आहे.

जुनी काच

नवखा, वापरलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा, असे मी सुचवेन. दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआरही (डिजिटल एसएलआर) शिकण्यासाठी पुरेसा असतो, आणि सध्या सगळे मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे असे कॅमेरे सहज मिळतात. झूमच्या मागे न लागता ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स घ्यावी.

घेण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. लेन्सच्या मागून विजेरीचा झोत टाकून समोरून तिरके पाहावे. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी आहे. ती लेन्स घेऊ नये आणि इतर लेन्सजवळ ठेवूही नये. धुळीचे चार कण दिसले तर काळजी नसावी, चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. मग ॲपर्चर एफ/१६ वर ठेवून एकरंगी फिकट भिंतीचे चित्र काढावे आणि पडद्यावर मोठे करून पाहावे. दरवेळी एकाच जागी येणारे करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ असते आणि ती साफ करता येते. तीक्ष्ण कडांची रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो. शटर आजवर किती वेळा उघडले आहे, हा आकडाही अनेक कॅमेऱ्यांत चित्राच्या फाइलवरून काढता येतो.

क्षितिजरेषा

जुनी काच यांच्या सूचनांत एका सरावाची भर घालते. घरातली कोणतीही एक वस्तू खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि तिच्या मागे बरीच मोकळी जागा राहील असे पाहा. चकती ॲपर्चरच्या खुणेवर आणून त्याच जागेवरून एफ/२, एफ/४, एफ/८ आणि एफ/१६ अशी चार चित्रे काढा. पार्श्वभूमी कशी उलगडत जाते ते पाहाच, पण दरवेळी शटरचा आवाज किती लांबतो तेही ऐका. शेवटचे चित्र बहुधा हललेले येईल. ते पुसू नका. काय सोडून काय मिळाले, ते त्या चारही चित्रांत मिळून दिसते. चित्रे इथे टाकलीत तर त्यांवर सविस्तर बोलता येईल.

नवखा

दोघांचेही आभार. एक शंका राहिली आहे: जुन्या कॅमेऱ्यांची बॅटरी आणि कार्ड आता मिळतात का?

जुनी काच

एसडी कार्ड वापरणारा कॅमेरा असेल तर अडचण येत नाही. फार जुन्या कॅमेऱ्यांत मात्र कार्डाची कमाल मर्यादा दोन किंवा बत्तीस गिगाबाइट असते, तेवढे पाहून घ्यावे. एक्सडी कार्डाचे कॅमेरे टाळावेत, कारण ती कार्डे बनणे केव्हाच थांबले आहे. बॅटरीचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाचे झाकण उघडल्यावर बॅटरीवरच छापलेला असतो. तो लिहून घ्यावा आणि तीच बॅटरी नवी मिळते आहे याची खात्री झाल्यावरच कॅमेऱ्याचे पैसे द्यावेत.